भिंतीवरचा चेहरा आणि त्याची वाणी

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. 1917 साली वसविलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेभोवती कोणत्याही दिवशी एक फेरी मारावी, म्हणजे मनुष्यमुखांचे जे प्रदर्शन दृष्टीस पडते ते एखाद्या मोठ्या चित्रशाळेतही पडणार नाही. विजेच्या खांबांवर, दुकानांच्या माथ्यांवर, चौकातील कमानींवर फ्लेक्सचे फलक लटकलेले असतात, आणि त्यांवरून शेकडो चेहरे खाली चालणाऱ्या माणसांकडे पाहत असतात. नांदेडास गाडीतून उतरून वजिराबादेकडे चालू लागावे, तर तेथेही हाच देखावा. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाची कोठे निवड झालेली असते, कोणाचे शहरात आगमन होणार असते. फलकाची रचना ठरलेली असते: माथ्यावर महापुरुषांची रांग, तिच्याखाली वरिष्ठ पुढारी, मध्यभागी सत्कारमूर्ती, आणि अगदी तळाशी अंगठ्याएवढ्या आकाराच्या 'शुभेच्छुकां'च्या मुद्रा.

सुशिक्षित मनुष्य या देखाव्याकडे पाहून नाक मुरडतो आणि पुढे जातो. सार्वजनिक जागांचे असे विद्रूपीकरण होऊ नये म्हणून महाराष्ट्रात 1995 साली कायदाही झाला. आम्हांसही हे फलक सुंदर वाटतात असे नव्हे. परंतु ज्याला टीकाकार म्हणवून घ्यावयाचे आहे त्याने नाक मुरडण्यापूर्वी क्षणभर थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. तळाशी अंगठ्याएवढा दिसणारा तो तरुण स्वतःच्या खिशातून वर्गणी का देतो? तो निवडणुकीस उभा नसतो. त्याला ओळखणारे लोक त्याच्या गल्लीपलीकडे फारसे नसतात. तरीही आपले मुख चार लोकांना चौकात दिसावे, त्याखाली आपले नाव असावे, यासाठी तो पैसे मोजतो. 'मीही या गावात आहे' एवढेच त्याला सांगावयाचे असते. ही इच्छा क्षुद्र नव्हे. आमच्या मते ती मनुष्याच्या अत्यंत मूलभूत इच्छांपैकी एक आहे, आणि तिला योग्य वाट मिळाली नाही म्हणूनच ती फलकाच्या तळाशी जाऊन बसली आहे.

याच इच्छेचा अधिक विचारपूर्वक उपयोग करणारी एक कला गेल्या काही वर्षांत जगभर रूढ झाली आहे. तिचे परीक्षण करावे, आणि नांदेड-लातूरच्या मातीत ती रुजेल काय व रुजावयाची असेल तर कोणत्या अटीवर, याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जे. आर. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक फ्रेंच कलावंत आहे. सामान्य माणसांची अगदी जवळून घेतलेली काळी-पांढरी छायाचित्रे प्रचंड आकारात कागदावर छापून घ्यावयाची आणि ती खळीने सार्वजनिक भिंतींवर डकवावयाची, ही त्याची पद्धत. 2007 साली त्याने इस्रायली व पॅलेस्टिनी माणसांची चित्रे घेतली. एकच व्यवसाय करणारे दोन्हीकडचे दोन गृहस्थ निवडून त्यांची मुखे त्याने शेजारीशेजारी, दोन्ही समाजांना विभागणाऱ्या भिंतीवर, लावली. केनियातील किबेरा या वस्तीत त्याने स्त्रियांची मुखे घरांच्या छपरांवर पसरली, आणि तेथे कागद न वापरता पाणी न झिरपणारे कापड वापरले. चित्राखाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर पावसाळ्यात गळू नये, एवढा तरी लाभ त्या चित्राने द्यावा, हा त्यातील विचार होता. हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने आणखी एक युक्ती केली असे तो सांगतो: भिंतीवर त्याने दिसावयास कोरेच, परंतु मुखाच्या आकृतीप्रमाणे चिकट केलेले कागद लावले. रस्त्यावरील धूळ त्यांवर बसत गेली आणि धुळीनेच चेहरा उमटला. मराठवाड्यातील वाचकास ही युक्ती विशेष अर्थपूर्ण वाटेल. ज्या धुळीत आपली माणसे जन्मभर वावरतात, त्या धुळीनेच त्यांची मुद्रा घडावी, याहून समर्पक रंगद्रव्य कोणते?

2011 साली या कलावंताने आपली पद्धत सर्वांस खुली केली. कोणत्याही गावच्या मंडळींनी एकत्र यावे, आपणांस काय सांगावयाचे ते ठरवावे, आपली छायाचित्रे पाठवावीत. ती मोठी छापून परत पाठविली जातील व त्यांनीच ती आपल्या भिंतींवर डकवावीत, अशी ही योजना. येथपर्यंत कलावंत चित्र काढीत होता व समाज बसत होता. आता समाजच चित्र काढू व लावू लागला, आणि कलावंताकडे केवळ साधन पुरविण्याचे काम उरले. कलेच्या इतिहासात हा बदल लहान नव्हे.

महाराष्ट्रात या योजनेचे एक मोठे दर्शन 2017 सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईच्या ससून गोदीत घडले. 1875 साली बांधलेली ही गोदी आजही मासळीचा बाजार आहे. पहाटे होड्या लागतात, टोपल्या उतरतात, आणि कोळणी व इतर कष्टकरी स्त्रिया कोळंबी सोलीत बसतात. 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने तेथे कलाप्रदर्शन भरविले, आणि त्यात अक्षत नौरियाल यांनी गोदीवरील कष्टकऱ्यांची छायाचित्रे घेऊन ती तेथल्याच इमारतीवर प्रचंड आकारात लावली. मासळीच्या वासामुळे जेथे येण्यास शहरातील प्रतिष्ठित वर्ग टाळाटाळ करीत असे, तेथे तो वर्ग रांगा लावून आला आणि ज्यांच्या हातची कोळंबी तो नित्य खात होता त्यांच्या तोंडाकडे त्याने मान वर करून पाहिले. मान वर करून पाहणे ही साधी गोष्ट वाटेल. परंतु खाली बसून कोळंबी सोलणाऱ्या बाईकडे शहर एरवी नेहमी खाली मान घालूनच पाहते, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका क्रियेचे मोल कळते.

येथवर आम्ही स्तुती केली. आता शंका मांडल्या पाहिजेत.

पहिली शंका ही की, चेहरा दाखविला म्हणजे वाणी मिळाली काय? या कलेचे पुरस्कर्ते 'मूकांना वाणी देणे' असा शब्दप्रयोग फार सैलपणे करतात. ज्यास ते मूक समजतात तो मूक नसतो. त्याच्या बोलण्याकडे कोणी कान देत नसतो, एवढेच. म्हणून त्याचा मोठा चेहरा पाहून आमचे डोळे पाणावले, तरी कान उघडले असे होत नाही. हे आम्ही तर्काने म्हणत नाही. मराठवाड्याच्या अनुभवाने म्हणतो. 1993 च्या 30 सप्टेंबरला, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीची भूमी हादरली. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यानंतरच्या आठवड्यांत किती छायाचित्रकार तेथे आले! ढिगाऱ्यावर बसलेला म्हातारा, हंबरडा फोडणारी माउली, पट्टी बांधलेले मूल, अशी मुखे देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली. त्यांखाली बहुधा 'भूकंपग्रस्त' एवढाच शब्द असे. पुढे 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. तेव्हा पुन्हा घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांची मुखे सर्वत्र पसरली, आणि पुन्हा त्यांखाली 'तहानलेले लातूर' असे सामान्यनाम आले. चेहरे पुष्कळ दिसले. त्या बाईला पाण्याविषयी, तिच्या विहिरीविषयी, वरच्या अंगाला लावलेल्या उसाविषयी काय म्हणावयाचे होते, हे मात्र फारसे कोणी छापले नाही.

ही रीत जुनी आहे. हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना राजा दीनदयाळ हे हैदराबादचे दरबारी छायाचित्रकार होते आणि त्यांची कला खरोखर उच्च प्रतीची होती. त्यांनी घेतलेली उमराव व सरदार यांची चित्रे नावानिशी, पदवीनिशी जपली गेली. परंतु दुष्काळनिवारणाच्या कामांची जी चित्रे त्या काळी निघाली, त्यांत खडी फोडणारी माणसे केवळ समूह म्हणून उभी राहिली. याहूनही मागे जावे तर गावोगावच्या वेशीवर वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत स्वर्गारोहण, वरती शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. एका सामान्य घरच्या पुरुषाचे ते स्मारक असते. परंतु बहुतेकांवर नाव नाही आणि मुख साच्यातले आहे. देवघरातील पूर्वजांच्या टाकांचेही तेच. आमच्या परंपरेने सामान्य माणसाची प्रतिमा केली नाही असे नव्हे. तिने त्याची भूमिका जपली आणि तो माणूस विसरून दिला. आजही पुष्कळ घरांतील आजीचे मुख भिंतीवर प्रथम येते ते 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फलकावर. तेही लग्नातल्या एखाद्या समूहचित्रातून कापून मोठे केलेले.

दुसरी शंका सहभागाविषयी आहे. सहभाग म्हणजे केवळ हातभार नव्हे. 2019 साली निलंग्यात शिवजयंतीच्या निमित्ताने मंगेश निपाणीकर यांनी सुमारे 6 एकर शेतात बी पेरून, उगवलेल्या हिरवळीतून शिवछत्रपतींची मुद्रा साकारली. शेतकऱ्याच्या अवजारांनी व शेतकऱ्याच्या ज्ञानाने काढलेले हे चित्र. त्यातील कल्पकता निःसंशय गौरवास्पद आहे. 2022 च्या एप्रिलात लातुरातच हजारो वह्या मांडून बाबासाहेबांची प्रतिमा रचण्यात आली. ज्यांनी शिक्षणाचा मंत्र दिला त्यांचे मुख वह्यांनी घडावे, हे औचित्यही मनोज्ञ आहे. परंतु या दोन्ही कृतींचे खरे दर्शन आकाशातूनच व्हावयाचे. ज्याने वाफ्याला पाणी दिले त्यास पायाखाली केवळ गवत दिसत असणार. थोर पुरुषांपुढे नम्र व्हावे, यात वाद नाही. आमचे म्हणणे एवढेच की, थोरांची मुद्रा शेकडो हातांनी घडविणे ही एक कला आहे, आणि त्या शेकडो हातांच्या धन्यांची मुद्रा भिंतीवर येणे ही अगदी निराळी कला आहे. पहिलीत आम्ही पारंगत होत चाललो आहोत. दुसरीची आमच्या दोन्ही जिल्ह्यांत अद्याप सुरुवातच व्हावयाची आहे.

तिसरी शंका स्वरूपाविषयी. जे. आर. यांच्या योजनेत सर्वांची चित्रे एकाच मापाची आणि काळी-पांढरी असतात. यात मोठा गुण आहे. फ्लेक्सच्या फलकावर मुखाचा आकार सत्तेप्रमाणे ठरतो. येथे सर्व मुखे समान. फलकावर स्त्री क्वचितच दिसते, आणि निवडून आलेली नगरसेविका असली तरी शेजारी पतिराजांची मुद्रा बहुधा तिच्याहून मोठी असते. येथे तसे होत नाही. परंतु समानतेच्या पोटी एकसारखेपणाचा दोषही येतो. नैरोबी, पॅरिस, मुंबई येथील मुखे एकाच धाटणीची दिसू लागली म्हणजे प्रेक्षक चेहरा पाहावयाचा सोडून धाटणी ओळखू लागतो. 'हे त्या फ्रेंच कलावंताचे काम' असे म्हणून तो पुढे जातो. मग ज्याच्या नावाने ही कृती ओळखली जाते तो भिंतीवरचा माणूस राहत नाही.

या तिन्ही शंकांतून आम्हांस तीन कसोट्या सापडतात. चित्र कसे निघावे व कोठे लागावे हे चित्रातल्या माणसाने ठरविले काय? ते ज्यांच्यात तो राहतो त्यांना दिसते काय? आणि मुखाजवळ त्याचे नाव व त्याचे स्वतःचे वाक्य आहे काय? या कसोट्यांवर फ्लेक्सचा फलक विलक्षण रीतीने अर्धा उतरतो. त्यावर नाव असते, तो स्वतःच्या गावात असतो, माणूस स्वेच्छेने त्यावर येतो. परंतु त्यावरचे वाक्य नेहमी दुसऱ्याच्या स्तुतीचे असते. ससून गोदीचे प्रदर्शन दुसऱ्या कसोटीस पूर्ण उतरले, कारण चित्रे कामाच्या जागीच लागली होती. परंतु तेथेही कॅमेरा बाहेरच्याच हाती होता, आणि त्या भव्य काळ्या-पांढऱ्या मुखांकडून प्रेक्षकाने जे नेले ते दर्शन होते, संभाषण नव्हते.

तिसऱ्या कसोटीस उतरणारे काम मराठीत झालेच नाही असे मात्र नव्हे. पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहात, 'पारी'त, चेहऱ्यांचा एक उपक्रम आहे. प्रत्येक तालुक्यातून निदान एक प्रौढ स्त्री, एक प्रौढ पुरुष आणि एक मूल वा किशोरवयीन यांची चित्रे घ्यावयाची व त्यांसोबत नाव, गाव, व्यवसाय नोंदवावयाचा, असा त्याचा दंडक. नोंद लहानशीच, परंतु तिच्यामुळे 'शेतमजूर' हे सामान्यनाम गळून पडते व विशेषनाम उभे राहते. याहूनही मोलाचा आम्ही जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह मानतो. हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांनी कित्येक वर्षे खेडोपाडी हिंडून 1 लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत मराठवाड्यातील बायांच्याही ओव्या आहेत. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. पुढे 'पारी'ने हा संग्रह प्रसिद्ध करण्यास घेतला, तेव्हा ओवीजवळ गाणारणीचे नाव, गाव, वय, मुलेबाळे, व्यवसाय अशी नोंद आली, आणि जेथे जमले तेथे तिचे छायाचित्रही आले. येथे क्रम कसा उलटा आहे ते पाहावे. प्रथम वाणी, मग नाव, आणि शेवटी चेहरा. म्हणून त्या चित्राकडे पाहताना आम्हांस दया येत नाही, आदर वाटतो. ती बाई आमच्याकडे आशेने पाहत नसते. तिचे बोलणे संपलेले असते आणि ते आम्ही ऐकले की नाही, हे ती पाहत असते.

तिची उणीव एवढीच की हे सारे भिंतीवर नाही. ज्याच्या हातात यंत्र आणि मनात जिज्ञासा आहे त्यालाच ते सापडते. ससून गोदीत भिंत होती, वाणी कमी होती. ओव्यांत वाणी आहे, भिंत नाही. या दोहोंचा संगम आमच्या जिल्ह्यांत घडावा, अशी आमची इच्छा आहे.

येथे कोणी म्हणेल, हा तर प्रचार झाला. कलेला उपयुक्ततेच्या गाड्याला का जुंपता? फडके व खांडेकर यांच्या नावांनी मराठीत गाजलेल्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादात आज नव्याने उडी घेण्याची आमची इच्छा नाही. इतकेच सांगतो की, प्रतिमाचित्र ही कलाच मुळी दोन माणसांच्या कराराची कला आहे. एक बसतो, एक पाहतो. राजाने चित्र काढवून घेतले तेव्हा अटी राजाच्या होत्या, म्हणून ती चित्रे कमअस्सल ठरली नाहीत. मग उसतोड मजुराने अटी घातल्या म्हणजे कलेची हानी कशी होते? आणि कागद टिकत नाही हा आक्षेप तर आम्हांस मुळीच पटत नाही. ज्या समाजात रोज सकाळी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पुसली जाते व दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली जाते, त्याने क्षणभंगुरतेचे भय बाळगू नये.

तेव्हा एक सूचना करून हा लेख पुरा करतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून आणि लातूर जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतून कित्येक कुटुंबे ऊस तोडण्यास निघतात. अर्धे वर्ष घरांना कुलपे असतात. मागे म्हातारी माणसे व काही मुले राहतात. या काळात गावात सभा होतात, याद्या होतात, निर्णय होतात, आणि जे हजर नसतात त्यांच्यावाचून होतात. निघण्यापूर्वी त्यांनी आपली चित्रे काढावीत. काढणारी त्यांचीच शिकलेली पोरे असावीत. साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. चित्र शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे, सर्वांचे सारख्या मापाचे. नवरा-बायकोचे वेगवेगळे, कारण कोयता तिच्याही हाती असतो, जरी जोडप्याचा हिशेब एकाच 'कोयत्या'ने होत असला तरी. खाली नाव, आणि गावास उद्देशून ज्याचे त्याने सांगितलेले एक वाक्य. कोणी मुलाच्या शाळेविषयी सांगेल, कोणी रेशनविषयी, कोणी दारच्या लिंबाला पाणी घाला म्हणेल. वाक्य कोणते असावे, हे आम्ही ठरविणे म्हणजे फलकाच्या मध्यभागी पुन्हा आपलीच मुद्रा लावणे होईल.

पाडव्यानंतर उन्हे तापू लागली की ही मंडळी परत येतात. तोवर कागद फिकटलेला असेल, कोपरे सुटलेले असतील, आणि गावच्या रस्त्यावरची धूळ त्यावर बसलेली असेल. परंतु सहा महिने ग्रामपंचायतीत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकास त्या मुखांसमोरून जावे लागलेले असेल. परत आलेला माणूस प्रथम भिंतीवरच्या आपल्या चेहऱ्याकडे पाहील, आणि मग पंचांकडे वळून विचारील, 'माझ्या म्हणण्याचे काय झाले?' हा प्रश्न ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी त्या चेहऱ्यास वाणी मिळाली असे आम्ही समजू.